मामांची डाव्या हाताची सही

आपल्याकडे बडोद्याच्या आठवणी भरपूर येतात, कामरेजबद्दल कोणी लिहीत नाही. खरं तर तेही गायकवाडांचंच, नवसारी प्रांतातलं. १९४९ साली बडोदा संस्थानाबरोबर मुंबई राज्यात गेलं. आमचे मोठे मामा मात्र तिथे गेले ते पोटासाठी. ताप्ती लाइनच्या गाडीनं नंदुरबारहून सुरत, कामरेजला भाड्याची खोली, आणि वीसेक किलोमीटरवरच्या डाइंग मिलमध्ये एसटीनं रोज जा-ये.

१९७६ साली मामा कॅलेंडरवर होते. भिंतीवरचं कॅलेंडर नव्हे हो! कापडाला तकाकी आणणारे, एकमेकांवर दाबून फिरणारे तापलेले रूळ. अशा यंत्राला आडोसा हवाच, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलेलं होतं. तो काढून ठेवला होता. कापडाबरोबर उजवा हात आत गेला. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची ताकद ५० टक्के घटली असं धरायचं. नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. उजवा की डावा, हे तक्ता विचारत नसे. मी कॉमर्सवाला, पण हा हिशेब मला कधी पटला नाही. डावखुऱ्याचा उजवा आणि मामांचा उजवा सारखाच कसा?

मालकाच्या माणसानं थोडी रक्कम आणि तयार कागद आणला. "काका, इथे अंगठा मारा." मामा म्हणाले, "मी सातवी पास आहे. अंगठा मारणार नाही." कागद परत गेला. पुढे कायद्याप्रमाणे भरपाई मिळाली, पण दोन वर्षं हेलपाटे घालून. त्या दोन वर्षांत मामींनी चार घरची शिवणकामं केली. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

बँकेतही तोच प्रश्न. जुनी सही जमेना, तेव्हा कारकुनानं शाईचा पॅड पुढे सरकवला. नियमाप्रमाणे त्याचं चूक नव्हतं. पण अंगठ्याच्या खात्याला चेकबुक देत नसत, आणि पैसे काढायला दर वेळी स्वतः जावं लागे. मामांनी पासबुक खिशात घातलं आणि घरी आले. भाचीच्या जुन्या वह्यांवर डाव्या हातानं बाराखडीपासून सुरुवात केली. सहा महिन्यांनी जाऊन नवी नमुना सही दिली, देवनागरीत, डावीकडे झुकलेली.

त्याच सहीवर ४ टक्क्यांचं कर्ज मिळालं. १९७२ साली दुर्बल घटकांसाठी निघालेली ती योजना, आम्ही तिला डीआरआय म्हणायचो. त्यातून कटपीसचं दुकान टाकलं. कात्री उजव्या हाताची असते, डाव्यात नीट चालत नाही. म्हणून मामी काठाला छेद द्यायच्या आणि मामा उरलेल्या अंगठ्यात कापड दाबून सर्रकन फाडायचे. सूत धरून सरळ फाटायचं.

कामरेज चार रस्त्याजवळ १९८० च्या सुमारास कोणी राहिलं असेल तर त्यांना दुकान आठवेल. फोटो असल्यास जरूर टाका. आमच्याकडे फक्त उधारीची वही आहे.