शून्य सिमोलियन आणि पहिला हिवाळा

माझी पहिली सिम थंडीने मेली. तिसऱ्या रात्री. मी तिला दगड फोडायला लावलं होतं, कारण दगडात सापडलेले स्फटिक विकले की पैसे मिळतात. पैशांकडे बघता बघता कोपऱ्यातल्या थर्मामीटरकडे लक्षच गेलं नाही. ती निळी पडत गेली, हात चोळत राहिली आणि मग बर्फातच कोसळली. काळ्या झग्यातला मृत्यू आला, त्याने त्याचं काम केलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून खेळ तिथेच संपला. घरात तरी कसं म्हणू, घर कुठे होतं?

'द सिम्स ४' खेळणाऱ्यांना हे चॅलेंज माहीत असेल. इंग्रजीत त्याला 'रॅग्ज टु रिचेस' म्हणतात. नियम सोपे आहेत. एक सिम बनवायचा, त्याला रिकाम्या प्लॉटवर सोडायचं आणि खिशातले सगळे सिमोलियन, म्हणजे तिथले पैसे, शून्यावर आणायचे. 'मदरलोड' टाइप करून पन्नास हजार मिळवणं म्हणजे चीटिंग, ते बाद. ज्यांना एवढ्यानेही मजा येत नाही ते सुरुवातच हिवाळ्यात करतात. मी त्यातली.

हे चॅलेंज कुठून आलं ते शोधायला बसले, तर गोष्ट एका खऱ्या आगीपाशी जाऊन थांबली.

कॅलिफोर्नियात ओकलंड शहराच्या टेकड्या आहेत. १९९१ साली तिथे सलग पाचव्या वर्षी दुष्काळ होता. त्यात आदल्या डिसेंबरमध्ये कडाक्याची थंडी पडून बरीच झाडंझुडपं करपली होती. म्हणजे टेकडीभर वाळलेलं सरपण. १९ ऑक्टोबरला गवताला एक लहानशी आग लागली, ती विझवलीही. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिकडे ज्यांना डायब्लो वारे म्हणतात ते गरम, कोरडे वारे सुटले आणि राखेखालचा निखारा पुन्हा पेटला. २५ माणसं गेली. तीन हजारांच्या आसपास घरं जळाली.

त्यातलं एक घर विल राइटचं होतं. 'सिमसिटी' १९८९ साली आलेली, ती बनवणारा हाच. घर गेलं, सामान गेलं. पुढे अनेक मुलाखतींत त्याने सांगितलंय की सगळं नव्याने उभं करताना, आधी काय घ्यायचं आणि का, हा विचार करता करता त्याला नव्या गेमची कल्पना सुचत गेली. आपल्याला खरंच काय लागतं? पलंग? फ्रिज? आरसा? आणि सगळ्यात आधी कुठली गोष्ट?

सुरुवातीला तो घर बांधण्याचाच गेम होता. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या पुस्तकाचा त्याच्यावर प्रभाव होता. घर चांगलं झालंय की नाही हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून त्यात छोटी माणसं टाकली. ती इकडेतिकडे फिरणार, भुकेली होणार, दमणार, आणि घर नीट असेल तर खूश राहणार. मग ती माणसंच घरापेक्षा जास्त मजेदार वाटायला लागली. कंपनीत मात्र कल्पना कुणाला फारशी पटेना. बाहुलीघर कोण खेळणार? ४ फेब्रुवारी २००० रोजी 'द सिम्स' आला आणि दोन वर्षांत तोवरचा सगळ्यात जास्त खपलेला पीसी गेम ठरला.

पण आगीतून निघालेला तो प्रश्न दुकानात पोचेपर्यंत बदलला होता. नव्या कुटुंबाला खेळ सुरू होतानाच २०,००० सिमोलियन मिळायचे. म्हणजे 'काहीच उरलं नाही, आता काय?' हा प्रश्न जाऊन 'आता काय काय घेऊ?' हा प्रश्न आला. समोर भलामोठा कॅटलॉग. सोफा महाग तर आराम जास्त, टीव्ही मोठा तर मजा जास्त. आणि हवामान? ते नव्हतंच. बाहेर कायम सुखाचा दिवस. घराला भिंती लागायच्या त्या फक्त टीव्ही टेकवायला आणि शेजाऱ्यांपासून लपायला.

मूळचा प्रश्न परत आणला तो खेळणाऱ्यांनी. कंपनीने दिलेल्या पैशांवर खेळण्यात थोड्या दिवसांनी मजा येत नाही. म्हणून लोकांनी स्वतःवरच नियम लादले. 'द सिम्स २'च्या काळात 'लेगसी चॅलेंज' पसरलं: एक माणूस, एक मोठा रिकामा प्लॉट, हातात जेमतेम पैसे आणि तिथून दहा पिढ्या चालवायच्या. त्याच वाटेवर पुढे शून्यापासून सुरू होणारी चॅलेंजेस लोकप्रिय झाली. कुणी बक्षीस देत नाही. नियम मोडला तर विचारणारंही कुणी नाही. तरी लोक इमानदारीने उपाशी राहतात. म्हणजे सिमला ठेवतात.

२००९ साली गेम डिझाइन शिकणाऱ्या एका ब्रिटिश विद्यार्थ्याने 'द सिम्स ३'मध्ये एक बाप आणि त्याची मुलगी बेघर करून बागेसारख्या मोकळ्या जागेत सोडले आणि पुढे जे घडेल ते लिहून काढलं. 'अ‍ॅलिस अँड केव्ह' हे त्या गोष्टीचं नाव. केव्ह खेकसणारा बाप, अ‍ॅलिस मनाने चांगली. ती बाकावर झोपते, दमलेली शाळेत जाते. पुढे तिला छोटी नोकरी लागते, तेव्हा पहिली कमाई ती दान करून टाकते. जगभर लोकांनी ही गोष्ट वाचली. गेममधल्या पात्रासाठी रडलो म्हणून अनेकांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

मी ती वाचली तेव्हा मात्र मला एक गोष्ट खटकली. अ‍ॅलिस कितीही दिवस उघड्यावर झोपली तरी तिला थंडी वाजत नाही. वाजणार कशी? 'द सिम्स ३'ला ऋतू मिळाले २०१२ साली. त्याआधी 'द सिम्स २'ला २००७ मध्ये मिळाले होते. आणि 'द सिम्स ४'चा 'सीझन्स' पॅक आला २२ जून २०१८ रोजी. प्रत्येक वेळी ऋतू वेगळे विकत घ्यावे लागले. २०२२ पासून 'सिम्स ४'चा मूळ गेम फुकट आहे, पण पाऊस, ऊन आणि बर्फ हवे असतील तर पैसे मोजा. खऱ्या आयुष्यात वादळ फुकट येतं आणि छप्पराला पैसे पडतात. इथे उलटं आहे.

'सीझन्स'मध्ये एक ऋतू साधारण सात दिवसांचा असतो. सिमचं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. म्हणजे नेहमीच्या वेगाने खेळलात तर अख्खा हिवाळा आपले दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं चालतो. एवढ्या वेळात बर्फाच्या वादळात उघड्यावर राहिलेला सिम गारठून मरू शकतो. उन्हाळ्याच्या लाटेत उष्माघाताने मरू शकतो. वीज अंगावर पडू शकते. वरून हिवाळ्यात बहुतेक झाडं फळं देत नाहीत, म्हणजे रानात तोडून खायचा आणि विकायचा मार्गही जवळपास बंद.

दुसऱ्यांदा खेळताना मी शिकले. पहिला धडा, कपडे. गेममध्ये सिम बनवताना कपड्यांना पैसे पडत नाहीत. खिशात दमडी नाही, पण अंगात झकास लोकरी कोट. थंडीचे कपडे नीट निवडून ठेवायचे आणि बाहेर पडताना तेच घालायला लावायचे. दुसरा धडा, व्यायामशाळा. तिथे आंघोळ होते. तिसरा आणि सगळ्यात मोठा धडा, ग्रंथालय. विलो क्रीक नावाच्या वस्तीत एक ग्रंथालय आहे. दिवसरात्र उघडं. आत ऊब. माझ्या सिमने पहिला हिवाळा तिथेच काढला. दमली की आडवी व्हायची, उठली की तिथल्याच कॉम्प्युटरवर पुस्तक लिहायची. मग ती पुस्तकं छापली गेली आणि रोज थोडी थोडी रॉयल्टी येऊ लागली. (मराठी लेखकांनी हा भाग मनावर घेऊ नये.) वसंत ऋतू लागला तेव्हा चार भिंती आणि एक दार एवढे पैसे तिच्याकडे जमले होते.

त्या ग्रंथालयाने मला अडकवून ठेवलं. कारण तिथे तिला कुणीच उठवलं नाही. वॉचमन नाही, 'वेळ संपली, निघा' नाही. तिचे कपडे, तिचा वास, तिचा पत्ता कुणी विचारला नाही. गेममधली गरिबी सोपी आहे ती स्फटिक विकता येतात म्हणून नव्हे. ती सोपी आहे कारण गावातलं एक दार तिच्यासाठी कायम उघडं आहे.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. मी सांगलीची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर तळमजल्यावर. आम्ही निघालो तेव्हा पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं, परतलो तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीची चिखलाची रेघ होती. मधले दिवस आम्ही मामाच्या घरी काढले, दोन खोल्यांत अकरा माणसं. मामी रोज सकाळी एवढ्या माणसांचा चहा टाकायची आणि एकदाही 'किती दिवस?' असं तिच्या तोंडून आलं नाही.

घर धुऊन झाल्यावर आई भिजलेल्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर यादी करायला बसली. आधी काय घ्यायचं? बाबा म्हणाले, गाद्या. मी म्हणाले, माझी पुस्तकं. आईने पहिलं लिहिलं, शेगडी. मग झाडू, बादल्या, मग गाद्या. पुस्तकं शेवटून दुसरी होती. तेव्हा मी रुसले होते. विल राइटबद्दल वाचलं तेव्हा ती यादी आठवली. ओकलंडच्या टेकडीवर त्याने मनात केली असेल तशीच ही यादी. फक्त आमच्या यादीचा कुणी गेम केला नाही.

'सीझन्स'मध्ये पूर नाही. पाऊस कितीही कोसळला तरी पाणी उंबरठा ओलांडत नाही. एकदा भिंती उभ्या राहिल्या की हवामान बाहेरच राहतं आणि आपण जिंकलो. मला वाटतं, शून्यापासून खेळणाऱ्यांना हेच हवं असतं. मेहनत केली तर एक दिवस भिंत होते आणि झालेली भिंत टिकते, एवढी खात्री. बाहेर ती मिळत नाही.

पण गेमच्या दुसऱ्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो. पहिला हिवाळा कुणीच आपल्या घरात काढत नाही. तेव्हा घर नसतंच. तो निघतो दुसऱ्याच्या छपराखाली, ग्रंथालयाच्या किंवा मामाच्या. आईची यादी शेगडीपासून सुरू झाली, कारण त्याआधीची गोष्ट आम्हाला मिळून गेली होती. ती विकत घ्यावी लागली नाही म्हणून कागदावर आली नाही.

माझ्या सिमचं आता दोन खोल्यांचं घर आहे. थंडीच्या रात्री मी तिला अजूनही कधीकधी ग्रंथालयात पाठवते. परवा तिथे एक अनोळखी सिम कॉम्प्युटरवर बसला होता. मी तिला त्याच्याशी बोलायला लावलं आणि घरी जेवायला बोलावलं.