३४,४६४ हा आकडा आला कुठून?

कोल्हापुरातून बोलतोय. आजच्या भागात इतिहास आहे, पण लढाईचा नाही. एका छोट्याशा रकान्याचा.

संगणकाला नेटवर्कची केबल लावली की लिंक स्पीड दिसतो. हा आकडा सांगतो कोण? तर ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्क कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुभाष्या. केबलच्या दोन्ही टोकांची कार्डं आधी आपसांत बोलणी करतात आणि दोघांनाही झेपेल असा सगळ्यात मोठा वेग ठरवतात. ड्रायव्हर तो वर कळवतो.

१९८३ साली इथरनेटचं मानक आलं, तेव्हा वेग होता सेकंदाला १० मेगाबिट. १९९५ मध्ये १०० झाला, १९९९ मध्ये तांब्याच्या साध्या केबलवर १,०००. लिनक्समध्ये हा वेग लिहायला १६ बिटांचा रकाना होता. त्यात ६५,५३५ पर्यंत आकडा मावतो. त्या काळात एवढी जागा म्हणजे चैनच की!

मग २०१० मध्ये १०० गिगाबिटचं मानक आलं. म्हणजे १,००,००० मेगाबिट. हा आकडा १६ बिटांत कोंबला तर वरचा भाग कापला जातो आणि उरतात ३४,४६४. कार्ड एक लाखाने धावतंय, संगणक सांगतोय चौतीस हजार. एररसुद्धा नाही! आणि दोन-तीन केबल एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर याच आकड्यावर विसंबून असतं.

मग रकाना मोठा का नाही केला? कारण जुने प्रोग्राम ठरलेल्या जागीच आकडा शोधतात. आपल्या कोल्हापूर-मिरज लाइनीचं बघा. १८९१ ची ती मीटरगेज पुढे ब्रॉडगेज झाली आणि जुने डबे त्या रुळांवरून बाद झाले. लिनक्सला तसं चालत नाही. तिथे नव्या रुळांवर जुना डबाही धावलाच पाहिजे.

म्हणून त्याच रचनेतल्या मोकळ्या जागेत दुसरा १६ बिटांचा रकाना काढला. अर्धा आकडा इथे, अर्धा तिथे. पुढे प्रत्येक वेगप्रकारासाठी एक याप्रमाणे राखलेले ३२ बिटही पुरेनात. शेवटी २०१६ मध्ये, लिनक्स ४.६ मध्ये, वाढवता येणारी नवी रचना आली. जुनी वाटही चालू ठेवली.

आता असा बदल तपासायला आला की मी तीन गोष्टी बघतो. नवा वेग जुन्या रकान्यात कापला जातोय का? कार्डाला खरंच जमणारे वेगच जाहीर केलेत ना? आणि केबल काढल्यावर ड्रायव्हर 'वेग माहीत नाही' असं सांगतो, की शिळा आकडाच रेटतो? नवा वेग चालला म्हणून बदल पास होत नाही. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचला जोडूनही तो चाललाच पाहिजे.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर 'इथटूल' चालवून बघा. किती वेग दिसतोय, कळवा. भेटू पुढच्या भागात!