तळटीप : ‘कोपऱ्यातला ठिपका’

१. कोपऱ्यातला ठिपका : पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारी रीळ बदलण्याची खूण. ३५ मिमी फिल्मचे २,००० फुटी रीळ साधारण २२ मिनिटांत संपते. संपण्याच्या आठेक सेकंद आधी पहिला ठिपका दिसताच ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करी. दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्या प्रोजेक्टरच्या हवाली होई. प्रेक्षकाला हा सांधा कळू न देणे ही मोठी कारागिरी होती, पण श्रेयनामावलीत तिला जागा नव्हती. जत्रेतल्या तंबूत एकच प्रोजेक्टर असला, तर रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे. डिजिटल प्रक्षेपणात ठिपक्याची गरजच उरली नाही. जुन्या प्रिंट त्यांतली चांदी काढण्यासाठीही नष्ट केल्या गेल्या. वाचकांपैकी कुणाकडे रिळे असल्यास ती भंगारात देऊ नयेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवावे. — संपा.