जालन्याचा पावसाळा नकाशातून कुठे गेला?

ऑनलाइन नकाशाच्या उपग्रह-दृश्यात जालना एमआयडीसी उघडावी. पत्र्याच्या छपरांच्या रांगा, रोलिंग मिलची धुराडी, भोवती तपकिरी शेते आणि वर निरभ्र आकाश. जून ते सप्टेंबर हे चार महिने या चित्रात जवळजवळ नाहीतच. ते वगळले कोणी? (थ्रेड)

२३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट अवकाशात गेला. त्याच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून अधिक जमीन. एवढ्या ठिपक्यात कारखान्याची एखादी शेड सहज विरून जाते. १९९५ मध्ये भारताच्या आयआरएस-१सी उपग्रहाने हा ठिपका ५.८ मीटरवर आणला आणि १९९९ मध्ये आयकोनॉसने तो सुमारे एक मीटर केला. २००५ मध्ये गूगल अर्थ आले, तोवर चित्रांची वाण उरली नव्हती. त्यांतले दाखवायचे कोणते, हा नवा प्रश्न होता.

त्याची उत्तरे दोन. नकाशा दुरून पाहिला, तर दिसते ते एकच छायाचित्र नसते. एकाच जागेची अनेक दिवसांची चित्रे संगणक एकावर एक रचतो. ढगाचा ठिपका फार उजळ असतो, ढगाच्या सावलीचा फार काळा. ही दोन्ही टोके वगळून मधला रंग ठेवला जातो. गूगलने २०१३ मध्ये लँडसॅट-७ च्या चित्रांतून जगाचा असा ढगविरहित पट विणला. त्या उपग्रहाच्या यंत्रणेत २००३ पासून बिघाड असल्याने काही ठिकाणी तिरके पट्टे राहिले. २०१६ मध्ये लँडसॅट-८ वापरून ते पुसले गेले. असे दिसणारे जालना कोणत्याही एका दिवशी अस्तित्वात नव्हते!

जवळ जावे तसा हा पट संपतो आणि खासगी उपग्रहाने एका विशिष्ट सकाळी टिपलेले चित्र सुरू होते. येथे ढग, धुरके, कॅमेऱ्याचा तिरपा कोन, सूक्ष्मता आणि ताजेपणा तोलून निवड होते. ताजेपणा दरवेळी जिंकतोच असे नाही. गेल्या ऑगस्टच्या ढगाळ चित्रापुढे दोन वर्षांपूर्वीचा स्वच्छ जानेवारी सरस ठरू शकतो. महानगरांची चित्रे वारंवार बदलतात, लहान गावे वाट पाहतात. अमेरिका-युरोपात जवळची दृश्ये पुष्कळदा विमानातून घेतलेली असतात. भारतात हवाई छायाचित्रणावर संरक्षण खात्याच्या परवानगीचे बंधन दीर्घकाळ राहिले. म्हणून येथील भार मुख्यतः उपग्रहांवर पडला. फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने नकाशांवरील अनेक बंधने सैल केली.

इतिहासाच्या अभ्यासकाची फसगत इथेच होते. २०१२-१३ च्या दुष्काळाने जालना होरपळले होते. त्याचा पुरावा म्हणून कोणी नकाशातील तपकिरी शिवार पुढे करील. पण पीक निघाल्यावर मराठवाड्याची जमीन कोणत्याही एप्रिलमध्ये अशीच दिसते. शिवाय चित्र नकाशावर चढवल्याची तारीख आणि ते टिपल्याची तारीख यांत महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर असते. अमुक शेड भूसंपादनाआधीची की नंतरची, असा वाद असेल तर पहिली तारीख निरुपयोगी. गूगल अर्थच्या संगणक आवृत्तीत जुनी चित्रे टिपल्याच्या तारखेसह पाहता येतात. वादाचा निवाडा तेथे शोधावा.

तारीख नसेल, तर धुराड्याची सावली पाहावी. असे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास माथ्यावरून जातात. डिसेंबरात त्या वेळी जालन्यात सावली वायव्येकडे पडते आणि धुराड्याच्या उंचीहून लांब असते. जूनमध्ये ती पश्चिमेकडे वळते, आणि उंचीच्या जेमतेम निम्मी उरते.