हिरवळीच्या पोत्यात काय?



घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत हिरवळीला पुष्कळदा बोनमील घालतात. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा! इंग्लंडात १८४२ साली जॉन लॉज यांनी हाडे आणि खनिज फॉस्फेट गंधकाम्लात मुरवून सुपरफॉस्फेट करण्याचे पेटंट घेतले. पुढे खडकातल्या फॉस्फेटने हाडांची जागा घेतली. आपल्या जवळच, ट्रॉम्बेला, १९६५पासून खतकारखाना आहे, ‘सुफला’ तिथलेच. म्हणजे हाडांवाचून गवताचे अडत नाही.

चातुर्मासात आपण हिरवळीवर पाय ठेवत नाही. पावसात घातलेले खतही वाहूनच जाते. दिवाळीनंतर चांगले कुजलेले शेणखत चाळून पसरावे, उन्हाळ्यात नुसते पाणी द्यावे. पोते आणण्याआधी कमिटीला एवढेच विचारा, ‘यात हाडे आहेत का?’