बिनतारीची तार : ओटीवरून माजघराकडे

‘बिनतारी’ या शब्दाची घडण नकाराची आहे. तार नाही, एवढेच तो सांगतो. काय आहे, याविषयी तो मौन बाळगतो. साहित्याच्या अभ्यासकांना अशा नकारार्थी शब्दांकडे थोड्या संशयाने पाहण्याची सवय असते, कारण जे नाकारले जाते ते बहुधा कोठेतरी शिल्लक असते. गेल्या पावसाळ्यात खेडमधील आमच्या घरासाठी नवा राउटर निवडण्याची वेळ आली, तेव्हा हा संशय खरा ठरला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्रविद्येचा आम्हाला गंध नाही. आठ-दहा दिवस आम्ही खोक्यांवरील आकडे वाचले, अँटेना मोजल्या, दुकानदाराला नको तितके प्रश्न विचारले. शेवटी लक्षात आले, की प्रश्न यंत्राचा कमी आणि घराच्या इतिहासाचा अधिक आहे. तो इतिहास आम्हाला जसा उलगडला तसा येथे मांडत आहोत.

प्रथम घराविषयी. आमचे घर कोकणातील जुन्या वळणाचे आहे. पुढे खळे, मग पडवी, ओटी, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागील पडवी. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, चांगल्या दीड फूट जाडीच्या. जांभ्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील दगड पाहून दिले, ते लॅटिनमधील ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून. खाणीत मऊ असणारा आणि हवेत घट्ट होणारा हा दगड विटेसारखा कापता येतो, म्हणून ते नाव. पण तो सच्छिद्र असतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आमच्या तालुक्यात आषाढ-श्रावणात भिंती अक्षरशः पाणी पितात. राउटरच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि त्यामुळे ओल्या भिंतीतून जाताना त्या कोरड्या भिंतीपेक्षा अधिक क्षीण होतात. ऊन, वारा, पाऊस आणि परक्याची नजर यांना अडवण्यासाठी बांधलेली ही भिंत लहरींनाही अडवते, यात तिचा दोष नाही. ती आपले काम चोख बजावत असते.

लहर आणि भिंत यांचे हे नाते बिनतारीच्या आरंभापासूनचे आहे. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोग करून दाखवला, तो भिंतीपलीकडची घंटा वाजवण्याचा आणि बंदुकीची दारू पेटवण्याचा. त्या प्रयोगाचे नाट्यच मुळी भिंतीत होते. समोरासमोर वाजलेल्या घंटेचे कोणाला नवल वाटले असते? बोस ज्या लहरींवर काम करीत त्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आज आपल्या घरातील राउटर ज्या दोन पट्ट्यांत बोलतो, त्यांतील २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची आणि ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटरची असते. सर्वसाधारणपणे लांब लहर भिंत अधिक सहजपणे ओलांडते. आखूड लहर अधिक मजकूर वाहून नेते, पण भिंतीशी लवकर थकते. राउटर निवडताना ज्या पेचात आपण सापडतो, त्याचे मूळ या साध्या नियमात आहे.

आता बिनतारी घरात कशी शिरली, ते पाहू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. पुढे १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. रेडिओ घेणाऱ्याने पोस्टात जाऊन परवाना काढायचा आणि दरवर्षी शुल्क भरायचे, ही रीत पुढे कित्येक दशके चालली. व्हॉल्व्हचा तो जड रेडिओ घरात कोठे ठेवायचा, हे तारेने ठरवले. विजेची जोडणी पुढच्या खोलीत आधी आलेली, आणि एरियलची तांब्याची जाळी बांधायला लांब भिंतही तेथेच. त्यामुळे रेडिओ ओटीवर किंवा दिवाणखान्यात विराजमान झाला. आवाज बाहेरून आला, पण त्याचे स्वागत बाहेरच्या माणसांसारखेच पुढच्या दारी झाले. माजघरातील स्त्रियांनी तो ऐकला तो दाराआडून.

ट्रान्झिस्टरने हे चित्र पालटले. तो ना विजेच्या तारेला बांधलेला, ना जाळीला. तो स्वयंपाकघराच्या फळीवर बसला, गोठ्यात गेला, भातलावणीच्या बांधावरही गेला. मुंबई आकाशवाणीचे ‘वनिता मंडळ’ ज्यांच्यासाठी होते, त्यांच्या हाताशी यंत्र आल्याने त्या कार्यक्रमाला त्याचे खरे श्रोते मिळाले, असे म्हणता येईल. नभोवाणीच्या इतिहासात केंद्रांच्या स्थापनेच्या तारखा नोंदवल्या जातात. रेडिओ ओटीवरून चुलीपाशी कधी पोहोचला, याची तारीख कोणी नोंदवत नाही. आमच्या मते श्रवणाच्या इतिहासातील ती मोठी घटना आहे.

राउटरची वंशावळ मात्र वेगळी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरील संगणक बिनतारीने जोडले. तेथे एकाच वाहिनीवर अनेकांना बोलायचे होते. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही शब्द वाया जात. मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलायचे, अशी रीत ठरली. संभाषणाचा हा शिष्टाचार आजच्या वायफायमध्ये ‘आधी ऐका, मग बोला’ इतका सुधारला आहे. १९८५ मध्ये अमेरिकेने काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या साधनांमुळे टाकाऊ मानला जात असे. आज घरोघरी तोच राबतो. १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक आले आणि १९९९ मध्ये त्याला ‘वायफाय’ हे बाजारी नाव मिळाले.

दरम्यान एक अडचण सोडवावी लागली होती. खोलीत सोडलेली लहर सरळ येते, तशी भिंतींवरून, कपाटावरून, जमिनीवरून उलटूनही येते. कोरीव लेण्यात उभे राहून भरभर बोलले असता शब्द एकमेकांत मिसळतात, तसे येथे होते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकारंभी यावर उपाय शोधला. मजकूर एका दमात न बोलता तो अनेक सुरांत वाटून, प्रत्येक सुरात सावकाश बोलायचे. म्हणजे प्रतिध्वनी विरेपर्यंत पुढचे अक्षर येत नाही. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. अंतराळातील क्षीण लहरी शोधताना कमावलेले गणित येथे कामी आले. आमच्याच राज्यात नारायणगावजवळ खोडद येथे महादुर्बीण अशाच क्षीण लहरी ऐकत बसलेली आहे, हे आठवले की घरच्या राउटरचे हे आकाशाशी असलेले नाते अगदीच परके वाटत नाही.

भारतात हे सारे एकदम आले. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त केला, आणि त्याच वर्षाच्या आरंभी दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्यास सुरुवात झाली. येथे तार पुन्हा कथेत येते. दूरध्वनी कोठे होता? ओटीवर, कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली. म्हणून मोडेम त्याच्या शेजारी बसला. मोडेमची जागा पुढे राउटरने घेतली, तांब्याची जागा काचतंतूने घेतली. पण नवी तारही जुन्याच खिडकीच्या भोकातून आत आली. १९२७ नंतरच्या रेडिओची जागा अशा रीतीने वारसाहक्काने राउटरकडे आली. ही जागा कोणी विचार करून दिली नव्हती, आणि म्हणूनच ती बदलण्याचा विचारही कोणाला सुचला नाही.

आम्हालाही सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत आम्हा दोघांचेही तास घरून होऊ लागले. ओटीवर शांतता हवी आणि घरात कामेही हवीत, म्हणून आमच्यापैकी एकाचे तास ओटीवर झाले आणि एकीचे स्वयंपाकघरामागच्या पडवीत. ओटीवरचे तास सुरळीत पार पडले. पडवीतील तासांना विद्यार्थ्यांना निम्मी वाक्ये ऐकू येत. जनाबाईंवर बोलताना आवाज तुटे, तो पुन्हा जुळेपर्यंत मुले निघून जात. त्याच वर्षी कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी करून अभ्यास केल्याच्या बातम्या आम्ही हळहळून वाचल्या. आमच्याच घराच्या मागच्या पडवीत तशीच एक झोपडी आहे, हे मात्र ध्यानात आले नाही. ‘राउटर जुना झाला’, एवढे निदान करून आम्ही आणखी पाच वर्षे काढली. दोघे एकच विषय शिकवतो, पगारही सारखा. तरी तारेने ठरवलेली वाटणी आम्ही निमूट पाळली.

गेल्या पावसाळ्यात जुन्या राउटरने कायमचा निरोप घेतला, तेव्हा प्रथमच आम्ही हातात मोबाइल घेऊन घरभर फिरलो आणि लहरींची शक्ती मोजली. ओटीवर उणे ४०, माजघरात उणे ६२, मागील पडवीत उणे ७८. हे मोजमाप असे आहे, की दर दहा अंकांनी शक्ती दहापट घटते. म्हणजे पडवीत ओटीच्या सहा हजाराव्या भागाइतकीच लहर पोहोचत होती. हा आकडा वाचून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो.

यानंतर खोक्यांवरील मजकूर वेगळ्या नजरेने वाचता आला. खोक्यावरचा मोठा आकडा दोन्ही पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते. एकाच मोबाइलला तो वेग कधीच मिळत नाही. अँटेनांची संख्या म्हणजे पल्ला नव्हे. प्रक्षेपणाच्या शक्तीला कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे कोणताही राउटर मनाला येईल तितका मोठ्याने बोलू शकत नाही. आणि समजा बोलला, तरी उपयोग काय? हाक कितीही जोरात मारली, तरी पलीकडून आलेली ‘ओ’ ऐकू आली पाहिजे. मोबाइलचा आवाज लहान. त्याची ओ दोन भिंतींपलीकडून येणे कठीण. स्वस्तातला रिपीटर बिनतारीनेच ऐकतो आणि त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश पद्धतीत दोन-तीन यंत्रे एकाच नावाने नांदतात, पण जांभ्याच्या घरात ती परस्परांशी तारेने जोडलेली असतील तरच तिचा खरा लाभ.

शेवटी आम्ही मध्यम किमतीचा, दोन्ही पट्ट्यांचा, सहाव्या पिढीचा आणि डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षा असलेला राउटर घेतला. महागडे यंत्र टाळून वाचलेल्या पैशांत तुळईच्या कडेने बारा मीटर तार ओढून घेतली आणि राउटर माजघरात, देवघराशेजारच्या उंच फळीवर बसवला. तेथून आणखी एक तार मागील पडवीत नेऊन दुसरे लहान यंत्र लावले. वीज गेली तरी तास चालावा म्हणून दोन्हींना छोटी बॅटरी जोडली. आता ओटीवर उणे ५८ आणि पडवीत उणे ४५ असा आकडा दिसतो. ओटीवरच्या माणसाला किंचित कमी मिळते; उणे सत्तरच्या आत सारे सुरळीत चालत असल्याने त्याला ते जाणवतही नाही. जे सोडावे लागले ते इतके थोडे होते, हीच गोष्ट मनाला अधिक लागते.

वाचकांपैकी कोणी नवा राउटर घेण्याच्या विचारात असेल, तर त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी घरातून एक फेरी मारावी. लहर कोठे संपते ते पाहावे आणि तेथे कोण बसते, तेही पाहावे. बिनतारी जेथून सुरू होते तेथपर्यंत तार न्यावीच लागते. ती कोणत्या खोलीत संपवायची, हा निर्णय आजवर खिडकीच्या भोकाने घेतला; यापुढे तो घरातील माणसांनी घेतलेला बरा.

असो. हा लेख मागील पडवीत बसून दोघांनी मिळून लिहिला आहे. बाहेर पाऊस लागला आहे, भिंती ओल्या आहेत, आणि मजकूर मात्र एकदाही न तुटता पुढे जातो आहे.