पान उघडण्याचा वेग

वेबपान मागितल्या क्षणापासून ते डोळ्यांना दिसेपर्यंत, बोट लावल्यावर प्रतिसाद देईपर्यंत आणि त्यातला मजकूर हलायचा थांबेपर्यंत जो वेळ जातो, तो त्या पानाचा वेग. बोलताना आपण ‘साइट स्लो आहे’ म्हणतो, पण वेग मोजायचा असतो तो एकेका पानाचा. एकाच संकेतस्थळावर पत्ता-फोनचे पान चटकन उघडते आणि शेजारचे हस्तलिखिताचे पान रेंगाळते.

हस्तलिखिताचे उदाहरण इथे मुद्दाम घेतले आहे. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले. ज्या सरफोजीराजांचे नाव त्याला जोडलेले आहे, त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तंजावरात त्यांच्याच काळी, १८०६ मध्ये, ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक देवनागरी अक्षरांत छापले गेले. तिथल्या वारशात ताडपत्रे आहेत, कागदी पोथ्या आहेत आणि मोडी दफ्तरही आहे. असा ऐवज पडद्यावर आणायचा म्हटला, की वेगाचे जवळजवळ सगळे प्रश्न एकाच पानात गोळा होतात.

समजा, ताडपत्र ४५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आहे. इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने ते स्कॅन केले तर प्रतिमा सुमारे १०,६०० ठिपके रुंद आणि ९४५ ठिपके उंच होते. म्हणजे एक कोट ठिपके. दाबून न बसवता साठवली तर ती ३० एमबी भरते. जतनासाठी अशीच मूळ प्रत हवी, त्यात काटकसर नको. पण वाचकाच्या फोनचा पडदा उभा धरला तर बहुधा १,०८० ठिपके रुंद असतो. पहिल्या नजरेला एवढ्याच रुंदीची छोटी प्रत पुरते आणि तिच्यात मूळच्या शंभराव्या हिश्शाइतकेच ठिपके असतात. तरीही ५ एमबीचे एक जेपेग सरळ पानात टाकून दिलेले पुष्कळदा आढळते. सेकंदाला ८ मेगाबिट मिळणाऱ्या जोडणीवर एवढ्या एका चित्राला पाच सेकंद लागतात. याउलट हजार शब्दांचा मराठी लेख, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेत असूनही, वीसेक केबीत मावतो. एका चित्राच्या वजनात असे अडीचशे लेख बसतील.

अक्षर न् अक्षर लावणाऱ्या अभ्यासकाला मात्र छोटी प्रत पुरत नाही, त्याला काना-मात्रा जवळून पाहायच्या असतात. त्यासाठी प्रतिमेचे चौकोनी तुकडे पाडतात आणि बोटांनी जिथे मोठे केले तिथलेच तुकडे मागवतात. ५१२ ठिपक्यांच्या तुकड्यांनी वरचे ताडपत्र ४२ तुकड्यांत बसते. पूर्ण मोठे करून वाचतानाही एका वेळी त्यांतले सहा-आठच लागतात. जगभरातली ग्रंथालये आणि संग्रहालये यासाठी ‘ट्रिपलआयएफ’ नावाची समाईक पद्धत वापरतात. पोथ्यांच्या पानांसाठी याहून चांगला मार्ग आज नाही.

आता मोजमापाकडे. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्या: एक दशांश सेकंदात घडले तर ते तत्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही, दहा सेकंदांपुढे लक्ष उडते. स्टीव्ह साउडर्स याहूत असताना २००७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की वाचकाच्या प्रतीक्षेपैकी ८० ते ९० टक्के वेळ मूळ पान हाती आल्यानंतर, म्हणजे चित्रे, फॉन्ट आणि प्रोग्रॅम गोळा करण्यात जातो. त्यामुळे ‘सर्व्हर बदला’ हा उपाय पहिला नसतो.

गूगलने २०२० मध्ये तीन मापे ठरवून दिली आणि आज बहुतेक जण तीच वापरतात. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे एलसीपी. पोथीच्या पानावर तो घटक म्हणजे पोथीचे चित्रच. स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, हे आयएनपी. मार्च २०२४ मध्ये ते जुन्या मापाच्या जागी आले. तिसरे सीएलएस, म्हणजे मजकुराची हालचाल. ते ०.१ पेक्षा जास्त नसावे. चित्राची रुंदी-उंची आधी लिहून ठेवली नाही, तर चित्र येताच खालचे लिप्यंतर धाडकन खाली सरकते आणि वाचकाची ओळ हरवते. ताडपत्राचा आकार नेहमीच्या चित्रांहून इतका वेगळा असतो, की ठरावीक साच्यात जागा राखून भागत नाही. प्रत्येक पानाचे माप वेगळे द्यावे लागते. पुढच्या पानांची चित्रे वाचक तिथवर पोहोचल्यावर मागवावीत, पण पहिल्या चित्राला ही सवलत लावू नये, नाहीतर जे सर्वांत आधी हवे तेच मागे पडते.

फॉन्टकडे सहसा दुर्लक्ष होते. तंजावरच्या पानावर देवनागरी, तमिळ आणि मोडी अशा तीन लिपी शेजारी-शेजारी येऊ शकतात. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले. तिचे प्रत्येक चिन्ह चार बाइट घेते: ‘तंजावर’ देवनागरीत १८ बाइटांचे, तर मोडीत २४ बाइटांचे. हा फरक किरकोळ आहे. खरा भार फॉन्टच्या फाइलचा असतो. वाचकाच्या फोनात मोडी फॉन्ट असेलच याची खात्री नसते, तो पानाबरोबर पाठवावा लागतो, नाहीतर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकृत्या असतात. वजन घटवण्यासाठी त्या छाटताना जोडाक्षरांचे नियमही कापले गेले, तर ‘क्ष्म’ आणि ‘र्‍य’ मोडून पडतात, आणि मराठी वळणाच्या ‘ल’, ‘श’ऐवजी हिंदी वळण उमटते. अशी बचत करू नये. त्यापेक्षा फाइल वॉफ-२ रूपात दाबावी, पानावर नसलेल्या लिपीचा फॉन्ट मागवूच नये आणि हवा तो फॉन्ट येईपर्यंत फोनातल्या अक्षरांत मजकूर दाखवावा.

अंतराचाही हिशेब असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तंजावर ते मुंबई सरळ रेषेत अकराशेहून थोडे अधिक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला किमान ११ मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर हीच फेरी १४० मिलिसेकंदांच्या घरात जाते, आणि पहिले अक्षर येण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. म्हणून पानाची प्रत वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवतात.

मोजणी दोन प्रकारची. लाइटहाउससारखे साधन ठरावीक परिस्थितीत पान उघडून दोष दाखवते, ही प्रयोगशाळेतली मोजणी. दुसरी प्रत्यक्ष वाचकांची: क्रोम वापरणाऱ्यांच्या नोंदी गूगल एकत्र करते आणि शंभरांपैकी पंचाहत्तर भेटी मर्यादेत बसल्या तरच पान उत्तीर्ण होते. या नोंदींसाठी पुरेसे वाचक लागतात. मोडी दफ्तरातल्या एखाद्या पानाला ते मिळणे कठीण, तेव्हा अशा पानांवर स्वतःचीच मोजणी बसवावी. ती कार्यालयातल्या वेगवान संगणकावर न करता मध्यम किमतीच्या फोनवर, मोबाइल डेटा चालू ठेवून करावी. आधी चित्र, मग फॉन्ट, मग प्रोग्रॅम, असा क्रम ठेवून एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने काय सुधारले ते कळते. गूगलच्या नोंदी मागील २८ दिवसांच्या असतात, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती तिथे पूर्णपणे दिसायला चार आठवडे लागतात.